खिशातला चाकू : कोणता वापरावा, कोणता जपावा

दुधाची पिशवी दातांनी फोडणारी, कुरिअरने आलेल्या खोक्यावरची चिकटपट्टी घराच्या किल्लीने ओरबाडणारी आणि रेल्वेत घेतलेला पेरू हातानेच फोडू पाहणारी माणसे शहरात काही कमी नाहीत. मुठीत मावणारे, घडी होणारे एक लहानसे पाते जवळ असते तर ही तिन्ही कामे विनासायास झाली असती. बोरूने लिहिण्याच्या काळात कारकुनाला चाकूवाचून चालत नसे, कारण बोरूला कत मारण्याचे काम रोजचेच असे. इंग्रजीतील 'पेननाइफ' या शब्दाचा उगमही पिसाच्या लेखणीला टोक काढण्यात आहे. लेखण्या बदलल्या आणि चाकू खिशातून नाहीसा झाला. अलीकडे मात्र तो परत येऊ लागला आहे. गिर्यारोहक, छायाचित्रकार, इलेक्ट्रिशियन यांच्या जोडीला केवळ आवड म्हणून चाकू जमवणारेही आता दिसतात.

पहिला चाकू घेऊ पाहणाऱ्याचा गोंधळ दुकानात शिरल्याबरोबर सुरू होतो. शे-दोनशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत किमती, पोलादाची अगम्य नावे आणि छायाचित्रांत सारखेच भासणारे आकार. परदेशी पुस्तकांतील आणि नियतकालिकांतील शिफारशी इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. त्यांच्या हिशेबात दोन गोष्टी नसतात : चार महिने हवेत पाणी धरून ठेवणारा पावसाळा आणि भारतातील कायदा. महाराष्ट्रात वापरायचा चाकू निवडताना किमतीआधी या दोहोंचा विचार व्हायला हवा.

<b>मर्म सांध्यात</b>

घडीच्या चाकूत पात्याइतकेच महत्त्व सांध्याला आहे. सर्वांत साधा सांधा केवळ घर्षणावर चालतो. जपानच्या ह्योगो प्रांतातील मिकी या गावचा 'हिगोनोकामी' हा त्याचा प्रसिद्ध नमुना. दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ आणि पात्याच्या टोकाशी एक छोटी जीभ, बस्स. काम करताना ही जीभ अंगठ्याखाली दाबून धरायची. अंगठा सुटला की पाते मोकळे.

दुसरा प्रकार पाठीत कमान असलेला. मुठीच्या पाठीला बसवलेली पोलादी पट्टी पात्याच्या बुंध्यावर दाब देते, त्यामुळे पाते उघडे राहते आणि मिटताना 'टक्' असा आवाज करते. ते कुलूपबंद मात्र होत नाही. कापताना जोर धारेवर असतो तोवर काही बिघडत नाही. पण टोकाने भोक पाडायला गेल्यास किंवा अडकलेले पाते उलट ओढल्यास ते थेट बोटांवर मिटते. नवख्यांची बोटे कापतात ती बहुधा अशीच.

तिसरा प्रकार कुलपाचा. अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ मध्ये बाजारात आणलेल्या '११०' या शिकारी चाकूने पाठीवरचे कुलूप लोकप्रिय केले. पितळेची टोके, लाकडी मूठ आणि सुमारे साडेनऊ सेंटिमीटरचे पाते असा हा देखणा चाकू आहे. मात्र वजन २०० ग्रॅमच्या घरात असल्याने तो सदऱ्याच्या खिशात ठेवण्याजोगा नाही. पुढे मुठीच्या आतील पातळ पट्टीच सरकून पात्याखाली बसते अशी 'लायनर लॉक'ची रचना रूढ झाली. ती मजबूत असते, पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो. कुलूप असलेला चाकू अधिक सुरक्षित, ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे.

१९८१ मध्ये अमेरिकेतील स्पायडर्को कंपनीने पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशात अडकवण्याची पट्टी देऊन एका हाताने उघडणाऱ्या चाकूंचे युग सुरू केले. आजचे बहुतेक आधुनिक चाकू याच वाटेने गेलेले आहेत. दोरीला लटकलेल्या गिर्यारोहकाचा एक हात अडकलेला असतो, त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे. टेबलाशी बसून पाकीट उघडणाऱ्याला तिचा काहीही उपयोग नाही.

<b>लाल मुठीचा पहिला मान</b>

रोजच्या वापरासाठी एकच चाकू घ्यायचा असेल, तर स्विस चाकूला डावलून पुढे जाणे कठीण आहे. कार्ल एल्सनर याने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या श्वित्झ प्रांतातील इबाख येथे चाकू-सुऱ्यांचा कारखाना काढला. स्विस लष्कराने सैनिकांसाठी घडीचा चाकू मंजूर केला, तेव्हा तेवढे चाकू करून देईल असा कारखाना त्या देशात नव्हता. पहिला पुरवठा जर्मनीतील झोलिंगेन येथून झाला. एल्सनरने १८९१ मध्ये लष्कराला चाकू देण्यास प्रारंभ केला. मोठे पाते, चांभाराच्या आरीसारखा टोच्या, डबा फोडणी आणि स्क्रू ड्रायव्हर एवढाच त्याचा संसार होता. यातील स्क्रू ड्रायव्हर सैनिकाची रायफल खोलण्यासाठी होता.

हा चाकू जड होता. म्हणून एल्सनरने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू आखला आणि १८९७ मध्ये त्याची नोंदणी केली. एकाच कमानीच्या दोन्ही बाजूंना हत्यारे बसवण्याची युक्ती त्यात होती. लष्कराने हा चाकू सरकारी साहित्यात कधीच समाविष्ट केला नाही. अधिकारी तो पदरमोड करून घेत. आज जगभर 'स्विस आर्मी नाइफ' म्हणून विकली जाणारी लाल वस्तू या बिगरसरकारी चाकूची वंशज आहे. जर्मन भाषेतील लांबलचक नाव उच्चारणे जमेना, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी हे सुटसुटीत नाव रूढ केले. एल्सनरच्या आईचे, व्हिक्टोरियाचे, १९०९ मध्ये निधन झाले आणि तिचे नाव त्याने आपल्या मालाला दिले. १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद वापरात आल्यावर त्यापुढे 'इनॉक्स' जोडले गेले आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' हा शब्द तयार झाला.

आकारांचा विचार करता ५८ मिलिमीटरचा सर्वांत छोटा नमुना किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो. त्यात लहान पाते, नखांची कानस, कात्री, चिमटा आणि दातकोरणी असते. हा चाकू खेळण्यासारखा दिसतो, म्हणून पुष्कळजण त्याला हसतात. परंतु शहरी माणसाच्या दिवसात पात्यापेक्षा कात्रीची गरज अधिक वेळा पडते, हे पंधरा दिवस तो जवळ बाळगल्यावर ध्यानात येते. ज्यांना पेरू, संत्री कापायची आहेत त्यांनी ९१ मिलिमीटरचा आकार घ्यावा. त्याचे मोठे पाते सुमारे सात सेंटिमीटरचे असते. त्यातही कात्री असलेला नमुना पाहावा. बूच काढण्याचा मळसूत्री हूक अनेकांना निरुपयोगी वाटतो. पण त्याच्या वेटोळ्यात एक इवलासा स्क्रू ड्रायव्हर फिरवून बसवता येतो आणि चष्म्याची दांडी ढिली झाली की त्याची किंमत कळते. वीस-तीस हत्यारांचे जाडजूड नमुने दुकानाच्या काचेत शोभतात, खिशात मात्र विटेसारखे लागतात. पक्कड हवीच असेल तर अमेरिकेतील टिम लेदरमन यांनी १९८३ मध्ये विक्रीस आणलेल्या पक्कडवजा अवजाराच्या वंशातील एखादे घ्यावे. चाकूकडून पकडीची अपेक्षा करू नये.

<b>ओपिनेल आणि आषाढ</b>

स्विस चाकू ही सोय म्हणावी लागेल; प्रेम जडते ते ओपिनेलवर. फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी हा चाकू घडवला. बीच वृक्षाच्या लाकडाची एकसंध मूठ, त्यात एक खाच, एक पाते, एक खिळा आणि पोलादी कडे. १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ असे क्रमांक ठरले. यांतील १ आणि ११ पुढे वगळले गेले, तरी क्रमांकांची पद्धत आजही तीच आहे. मूठ आणि पाते यांच्या सांध्यावर फिरवून पाते जखडणारे कडे १९५५ मध्ये आले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८५ मध्ये उत्तम रचनेच्या शंभर वस्तूंत या चाकूची गणना केली. इतका मान मिळूनही त्याची किंमत साध्या माणसाच्या आवाक्यातच राहिली, हे विशेष. ८ क्रमांकाचे, साडेआठ सेंटिमीटर पात्याचे माप सर्वाधिक खपते. पाते पातळ असल्याने टोमॅटोपासून पावापर्यंत सर्व काही ते स्वयंपाकघरातल्या सुरीइतक्याच सफाईने कापते. जाड पात्याच्या महागड्या आधुनिक चाकूंना हे जमत नाही.

आता अडचण. लाकूड पाणी पिते. मुंबईत किंवा कोकणात आषाढ लागला की ओपिनेलची मूठ फुगते आणि खाचेत दबलेले पाते नखाने उघडेनासे होते. साव्हॉयच्या शेतकऱ्यांनी यावर कधीच तोड काढली आहे. कडे मोकळे करून मुठीची मागची कड टेबलावर आपटायची. पात्याचे टोक थोडे बाहेर येते आणि चिमटीत धरता येते. फुगलेली मूठ गॅसजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये, लाकूड तडकते. पावसाळ्यापूर्वी सांध्याजवळच्या लाकडाला जवसाचे तेल मुरवून ठेवल्यास त्रास पुष्कळ कमी होतो.

ओपिनेल दोन पोलादांत मिळतो. एक साधे कार्बन पोलाद, दुसरे न गंजणारे. कार्बन पोलादाला धार लवकर आणि सुरेख लागते. मात्र त्यावर कैरी चिरली की काही मिनिटांत पाते निळेकाळे पडते. लोखंडी विळीवर कच्ची केळी किंवा कैरी चिरणाऱ्या घरांना यात नवल वाटणार नाही. हा काळसर थर वाईट नसतो, उलट तो पात्याचे थोडेफार रक्षणच करतो. नुकसान करतो तो तांबूस गंज. कार्बनचे पाते वापरल्यावर लगेच पुसून कोरडे करावे लागते आणि ते ओले मिटल्यास दुसऱ्या दिवशी सांध्यात तांबूस गंज दिसू लागतो. ही शिस्त ज्यांच्या अंगी नाही त्यांनी न गंजणाऱ्या पात्याचा ओपिनेल घ्यावा. 'न गंजणारे' हा शब्दही जपूनच घ्यायचा. अशा पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असते आणि ते गंज लांबवते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत दुर्लक्षित राहिलेल्या पात्यावर त्यालाही ठिपके पडतात.

महागड्या चाकूंच्या जाहिरातींत पोलादाची सांकेतिक नावे ठळक छापलेली असतात. उदाहरणार्थ 'एस ३० व्ही' या भुकटीपासून तयार केलेल्या पोलादात सुमारे १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. त्याची धार फार काळ टिकते. ती बोथट झाली की मात्र घरातील साध्या निसण्यावर लावता येत नाही, त्यासाठी हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते. धार लावण्याचे साधन जवळ नसेल, तर असे पोलाद घेणे म्हणजे दुरुस्त करता न येणारी गाडी घेण्यासारखे आहे.

<b>रामपुरीची सावली</b>

चाकूविषयी आपल्याकडे जो संशय आहे त्याचे एक मोठे कारण रामपुरी आहे. उत्तर प्रदेशातील रामपूर या जुन्या संस्थानी शहरात खटका दाबताच पाते बाहेर फेकणारे हे लांब चाकू बनू लागले. हिंदी चित्रपटांनी त्यांना घराघरांत पोहोचवले. 'वक्त' (१९६५) मधील राजकुमार यांचा चाकूचा प्रसंग आजही लोकांच्या लक्षात आहे. मराठी वृत्तपत्रांतील गुन्हेवृत्तांतही 'रामपुरी हस्तगत' हे शब्द नित्याचे झाले. निर्बंधांमुळे हा धंदा पुढे आटला आणि थोडेच कारागीर उरले. २०२३ मध्ये रामपूरने एका चौकात सुमारे वीस फूट लांबीच्या चाकूचे शिल्प उभारले. कारागिरी म्हणून रामपुरीची कोरीव मूठ संग्रहात मानाने मिरवावी अशी असते. खिशात बाळगण्याची वस्तू मात्र ती नव्हे.

कायदा काय म्हणतो? शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्र म्हणून धरली आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाच्या हत्यारांना त्यातून वगळले आहे. केवळ यावर विसंबून चालत नाही. त्याच अधिनियमाच्या चौथ्या कलमानुसार एखाद्या प्रदेशापुरती वेगळी अधिसूचना काढता येते. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद पात्याच्या बटनदार चाकूवर निर्बंध आणले. महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात. सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात असा आदेश लागू असला, तर चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते आणि त्या बंदीत 'फळे कापायला घेतला होता' हे उत्तर पुरेसे ठरेलच असे नाही.

७.६२ सेंटिमीटर म्हणजे नेमके तीन इंच. ब्रिटनमध्येही कुलूप नसलेला आणि तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू कारणाशिवाय बाळगता येतो. कुलूप असलेला चाकू तिथे न्यायालयांनी न मिटणाऱ्या चाकूच्या पंक्तीत बसवला आहे, मग त्याचे पाते कितीही आखूड असो. लंडनला शिकणाऱ्या भाच्याला कडे असलेला ओपिनेल भेट पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडून कुलूपबंद होणारे चाकू सबळ कारणावाचून जवळ बाळगता येत नाहीत. स्विस लष्कराने त्याच सुमारास स्वीकारलेला सैनिकांचा नवा १११ मिलिमीटरचा चाकू नेमका असाच आहे. तीन इंचांच्या आतले पाते, दोन्ही हातांनी उघडणारे, कुलूप व खटका नसलेले, ही चौकट पाळल्यास रोजचा चाकू बहुतेक ठिकाणी अवजार म्हणूनच पाहिला जातो. या चौकटीत लाल स्विस चाकू बसतो. ओपिनेलचा ६ क्रमांक पात्याच्या लांबीत बसतो, कड्यामुळे कुलपाच्या अटीत बसत नाही. म्हणून तो घरी, सहलीच्या पिशवीत आणि शेतावर बरा.

विमानात तर वादच नाही. केबिनमध्ये न्यायच्या सामानात चाकू, मग तो किल्ल्यांना लावलेला छोटा का असेना, चालत नाही. तो चेक-इन सामानात टाकावा लागतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानतळांवरील दुकानांतून हे चाकू नाहीसे झाले आणि स्विस कारखान्यांना मोठा फटका बसला. वेंगर हा लष्कराचा दुसरा पुरवठादार २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने विकत घेतला. अमेरिकेने सहा सेंटिमीटरपर्यंतची पाती विमानात नेऊ देण्याचा निर्णय मार्च २०१३ मध्ये जाहीर केला आणि विरोध झाल्यावर जूनमध्ये मागे घेतला. २०२४ मध्ये तर व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनी पाते नसलेल्या अवजारावर काम सुरू असल्याचे सांगितले. सुरक्षातपासणीत आवडता चाकू टोपलीत टाकावा लागलेल्या प्रवाशांची हळहळ त्यामागे असावी. मेट्रो, मॉल आणि चित्रपटगृहांच्या दारांवरही हाच अनुभव येतो. जिथे पिशवी तपासली जाते तिथे चाकू घरी ठेवून जाणे सोयीचे.

<b>संग्रहाला सूत्र हवे</b>

आवडला तो चाकू घेत गेल्यास पाच वर्षांत खण भरतो, संग्रह होत नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे दालन पाहावे. कवी 'अज्ञातवासी' अर्थात डॉ. दिनकर केळकर यांनी रोजच्या वापरातली एकच वस्तू किती हातांनी किती तऱ्हांनी घडवली हे तिथे मांडले आहे. चाकूंचेही तसेच सूत्र धरता येते : एकाच देशाचे, एकाच सांध्याचे, एकाच व्यवसायाचे. सर्वांत कमी खर्चाचे सूत्र स्विस सैनिकांच्या १९६१ च्या नमुन्याचे आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या खडबडीत मुठीचा हा ९३ मिलिमीटरचा चाकू २००८ पर्यंत बनत होता आणि त्याच्या पात्याच्या बुंध्याशी निर्मितिवर्षाचे शेवटचे दोन आकडे उमटवलेले असतात. घरातील प्रत्येकाच्या जन्मवर्षाचा एकेक चाकू जमवणारे संग्राहक आहेत. व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर या दोघांनीही तो बनवल्याने शोधाची गंमत दुप्पट होते.

नावाला भुलू नये. फ्रान्समधील 'लायोल' या गावाच्या नावाचे, पाठीवर मधमाशी असलेले चाकू सर्वत्र विकले जातात, पण केवळ ते नाव आणि ती माशी असण्यावरून चाकू कुठे बनला हे ठरत नाही. बुंध्यावर निर्मात्याचा छाप पाहावा, पाते हलवून डावी-उजवीकडे डुगडुगते का ते बघावे आणि मिटलेल्या पात्याची धार मुठीच्या आतील पोलादाला टेकत नाही ना याची खात्री करावी.

जुना चाकू घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे साठलेली छटा गेली की त्याची किंमतही जाते. चामड्याच्या म्यानात चाकू वर्षभर ठेवल्यास चामडे दमट हवा शोषते आणि पात्यावर डाग पडतात. म्यान वेगळे, चाकू वेगळा ठेवावा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठींचा धोका अनेकांना ठाऊक नसतो. हे द्रव्य काळाबरोबर विघटन पावते आणि त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफा त्याच डब्यातील इतर चाकूंना गंजवतात. एका मुठीपायी सगळा खण बिघडू शकतो. असे चाकू हवेशीर जागी, निराळे ठेवलेले बरे.

रोजच्या चाकूची निगा त्यामानाने सोपी आहे. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आणि पात्यावर तेलाचा पुसट हात, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा. खाण्याच्या वस्तू कापायच्या असतील तर पाते आधी पुसून घ्यावे. स्वयंपाकाची तेले टाळावीत, ती सुकून सांधा चिकट करतात. धार दोन्ही बाजूंनी साधारण १५ ते २० अंशांच्या कोनात, निसण्यावर पाणी घेऊन, सारख्याच फेऱ्यांनी लावावी. दारावर येणाऱ्या शिकलगाराकडे चाकू द्यायचा असल्यास पाते मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावे. फिरत्या चाकावर तापून कड निळी पडली की तेवढे पोलाद नरम होते आणि त्यावर धार ठरत नाही. धार नीट बसली की नाही हे अंगठ्यावर पाहू नये. कालच्या वर्तमानपत्राचे एक पान हवेत धरून कडेपासून कापत जावे. कुठे अडखळले आणि कागद फाटला, तर पात्याचा तेवढा भाग पुन्हा निसण्यावर न्यायचा.